दोर तोच, तीस वर्षांनी

मे महिन्यातला सोमवार. सकाळी सकाळी पुतणी घरी आली, हात मागे लपवलेले. "काका, पप्पांना सांगणार नाही ना?" म्हणाली आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. मधोमध कातडी सोलून निघालेली, लालबुंद. भाजल्यासारखं दिसत होतं आणि तसं ते भाजलेलंच होतं. दोराने.

हळूहळू सगळं बाहेर आलं. आदल्या दिवशी कॉलेजातले सात जण चार मोटारसायकलींवर पहाटे तीनला नगरहून निघाले, भंडारदऱ्यावरून साम्रदला पोचले आणि सांदण दरीत शिरले. दरीत सगळेच जातात, त्यात काही नाही. पण बहुतेक लोक जिथून मागे फिरतात तिथून ही मंडळी पुढे गेली. चाळीस-पन्नास फुटांचा पहिला उभा टप्पा आला. यांच्याकडे होता नगरच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून वजनावर घेतलेला नायलॉनचा दोर. तो एका धोंड्याला बांधला. हार्नेस नाही. हेल्मेट होतं, पण मोटारसायकलचं. गाठ कशी मारायची ते मोबाईलवर बघितलेलं. पुतणी तिसरी उतरली. अर्ध्यात हात घसरले आणि उरलेलं अंतर ती दोरावरून सरकत आली. खाली वाळू होती, पाय मोडला नाही, एवढंच. बाकीचे चौघे वरच थांबले आणि खाली अडकलेल्या तिघांना गावातल्या पोरांनी येऊन बाहेर काढलं.

मी रागावलो नाही. रागवायचा मला अधिकारच नाही, कारण १९९३ साली मी हेच केलंय.

तेव्हा मी नगरमध्ये बारावीनंतरच्या पहिल्या वर्षाला होतो. गावाबाहेर एक बंद पडलेली खाण होती, तिथे आम्ही पाच-सहा जण रविवारी चढायला जायचो. दोर होता मित्राच्या वडिलांच्या ट्रकचा, ताडपत्री बांधायचा. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की खाणीचा कातळ सुरुंगाने फोडलेला असतो, दिसायला टणक पण आतून तडकलेला. मित्राने हात घातलेला दगडच सुटून आला. तो दहा-बारा फूट खाली पडला, खांद्याजवळचं हाड मोडलं. घरी सांगितलं, सायकलवरून पडला. त्याच्या आईला खरं काय ते अजून माहीत नाही. (आता ही पोस्ट वाचली तर कळेल. काकू, माफ करा.)

तीस वर्षं झाली. मधल्या काळात नगरचे रस्ते दोनदा नाही, दहादा खणून झाले, जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पोरांच्या हातात मोबाईल आले. दोर मात्र तोच राहिला, दुकानातला.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात जास्त टोचलेला भाग सांगतो. या पोरांनी जानेवारीत कॉलेजला रीतसर अर्ज दिला होता. आम्हाला प्रस्तरारोहण शिकायचंय, पुण्याहून प्रशिक्षक बोलवू, खर्च वर्गणीतून करू, फक्त परवानगी आणि सोबत एक शिक्षक द्या. उत्तर आलं, तेही तोंडी. "काही झालं तर जबाबदार कोण?" अर्ज फायलीत गेला. पोरं मे महिन्यात सांदणला गेली. कॉलेजचं नाव मी लिहिणार नाही, कारण मला खात्री आहे की नाव बदललं तरी उत्तर बदललं नसतं. आणि प्राचार्यांची भीती खोटी होती असंही मी म्हणत नाही. पण त्या नकारामुळे धोका संपला का? तो फक्त कॉलेजच्या गेटाबाहेर गेला. प्रशिक्षक गळला, चांगला दोर गळला, सोबतचा शिक्षक गळला. पोरं आणि कडा तेवढे उरले.

आणि हे कुठल्या जिल्ह्यात चाललंय बघा.

महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, कळसूबाई, १६४६ मीटर, आपल्या अकोले तालुक्यात. हरिश्चंद्रगड आपला. त्याचा कोकणकडा, ज्यावर चढाई करायला मुंबई-पुण्याचे गिर्यारोहक वर्षानुवर्षं येतात, तोही आपला. खालचा पायथा तेवढा ठाणे जिल्ह्यात. रतनगड आपला. अलंग-मदन-कुलंग हे त्रिकूट आपल्या आणि नाशिकच्या सीमेवर. अलंग आणि मदनवर जायला आज दोर लागतो, कारण १८१८ नंतर इंग्रजांनी तिथल्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या असं सांगतात. म्हणजे ज्या कातळावर चढायला शिकायला लोक लांबून गाड्या करून येतात, तो आपल्या सातबाऱ्यात आहे. आपल्या कॉलेजातली पोरं मात्र तिथे जातात काजवे बघायला, रील काढायला आणि मॅगी खायला.

एक गोष्ट आधी साफ करतो. आपल्याकडे "रॉक क्लाइंबिंगचं शिबिर" म्हणून जे होतं ते निम्म्याहून जास्त वेळा रॅपलिंग असतं. म्हणजे दोराला लटकून खाली उतरणं. पोराला वरून सोडायचं, खाली फोटो काढायचा, मागे "साहसी शिबिर" असं फ्लेक्स, झालं. त्यात मजा आहे, पण उतरणं म्हणजे चढणं नव्हे. चढताना पाय कुठे ठेवायचा, वजन हातावर न टाकता पायावर कसं घ्यायचं, थकण्याआधी कुठे थांबायचं, खालच्याने दोर कसा सांभाळायचा, म्हणजे ज्याला बिले म्हणतात ते, हे सगळं महिनोन् महिने करावं लागतं. पोहणं एका दिवसाच्या शिबिरात येत नाही, तसंच हे.

दोराचंही सांगतो, कारण पुतणीला मी हेच समजावत बसलो होतो. चढाईचा दोर ताणला जातो. माणूस पडला की तो थोडा लांबतो आणि झटका स्वतः खातो. दुकानातला नायलॉनचा दोर वजन उचलायला किंवा बांधायला बनवलेला असतो, पडणारं माणूस झेलायला नाही. तो तुटला नाही तरी झटका कमरेला आणि पाठीला बसतो. शिवाय त्याच्या गाठी घसरतात. आणि हाताने धरून उतरलं की तळव्याचं काय होतं ते मी माझ्या घरात बघितलंय.

आता "जबाबदार कोण?" याकडे वळू. प्रश्न चुकीचा नाही, पण तो विचारून आपण थांबतो हे चुकीचं आहे. राज्य सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, सुरक्षेचे नियम पाळायचे, प्रशिक्षित माणसं ठेवायची असं आहे. कॉलेजांनी याचा अर्थ "नियम आले, आता नकोच" असा काढला. मी उलटा काढतो. आधी प्राचार्यांना कळायचंच नाही की समोरचा प्रशिक्षक खरा की बोगस. आता विचारायला जागा आहे. नोंदणी दाखव, प्रशिक्षकांची प्रमाणपत्रं दाखव, विमा दाखव. दाखवलं नाही तर चालता हो.

धोका नाही असं सांगणारा माणूस खोटं बोलतो. जानेवारी २०२० मध्ये कोकणकड्यावर अरुण सावंत गेले. सांदण दरी डोंगरभटक्यांच्या नकाशावर आणणाऱ्यांत ज्यांचं नाव घेतलं जातं, ते. अख्खं आयुष्य कड्यांवर काढलेला माणूस. इतक्या अनुभवी माणसाला जो कडा माफ करत नाही, तो हार्डवेअरचा दोर घेऊन आलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला कसा करील? म्हणून तर मी म्हणतोय की शिकायची जागा कडा नसावी. शिकायची जागा कॉलेज असावी.

इंग्लंडातल्या लीड्स विद्यापीठात १९६४ साली डॉन रॉबिन्सन नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने एका साध्या बोळातल्या भिंतीत दगड बसवून घेतले. पोरांनी पावसाळी दिवसांत चढायचा सराव करावा म्हणून. बस, एवढंच. जिमखान्याचं टेंडर नाही, उद्घाटनाला मंत्री नाही. त्या बोळात सराव केलेल्या पोरांनी पुढे तिथल्या कड्यांवर भल्याभल्यांना मागे टाकलं. आज जगभरात ज्या कृत्रिम भिंती दिसतात, त्यांच्या सुरुवातीच्या काळात हा बोळ येतो. आणि तो खेळ आज ऑलिंपिकमध्ये आहे, टोकियोपासून. पॅरिसला २०२४ मध्ये पोलंडच्या अलेक्सांद्रा मिरोस्लावने पंधरा मीटरची भिंत सहा सेकंदांच्या आसपास चढून सुवर्ण घेतलं. पाच मजली इमारत समजा. आपल्याकडे तेवढ्या वेळात लिफ्टचं दार बंद होत नाही.

मला आपल्या कॉलेजात पंधरा मीटरची भिंत नकोय. मला तो बोळ हवाय.

जिमखान्याच्या मागची, वीस-पंचवीस फूट लांब, आठ फूट उंच, पक्की भिंत घ्या. तिच्यावर धरायला खुंट्या बसवा, आडवं जाता येईल अशा. चढणाऱ्याचे पाय जमिनीपासून दोन-तीन फुटांवर. खाली कुस्तीच्या किंवा ज्युदोच्या गाद्या. दोर नाही, हार्नेस नाही, उंची नाही. पोरगं पडलं तर गादीवर ढुंगणावर पडेल आणि पुन्हा उठेल. चढाईतला निम्मा धडा, पाय आणि तोल, या आडव्या भिंतीवर शिकता येतो. खर्च? एका स्नेहसंमेलनाच्या मंडप-डीजेत बसावा असा माझा अंदाज आहे, आणि डीजे रात्री दहाला बंद होतो, भिंत राहते.

त्यानंतरचा टप्पा म्हणजे जिल्हा क्रीडा संकुल. वाडिया पार्कला दोर लावून चढायची, रोज उघडी असलेली, प्रशिक्षक असलेली भिंत हवी. रोज उघडी हे मुद्दाम लिहितोय. कुलूप लावलेल्या सुविधा आपण खूप बघितल्या. व्यायामशाळा आणि क्रीडांगण विकासाला सरकारी अनुदानाच्या योजना आहेत, जिल्हा नियोजनाचा पैसा आहे. त्यातून गावोगाव जी उघड्यावरची व्यायामाची यंत्रं बसली, त्यातली किती आज गंजून कपडे वाळत घालायच्या कामाला आहेत ते आपापल्या गावात जाऊन बघा. एका वर्षी एका यंत्राऐवजी भिंत मागा, एवढंच.

आणि तिसरा टप्पा खरा कातळ. तो नगरच्या पोरांना दीडशे किलोमीटरवर आहे असं वाटतं, कारण आपल्या डोक्यात कातळ म्हणजे अकोले. पण डोंगरगण, मांजरसुंबा, गोरक्षनाथ गड हा टापू शहरापासून तासाभराच्या आतला. तिथे कड्यांची नाही, धोंड्यांची पाहणी करावी. जाणत्या माणसाने एक हिवाळा फिरून कुठला खडक पक्का, कुठला भुसभुशीत, कुठे आग्यामोहोळ लागतं ते टिपून काढावं. आपला कातळ लाव्हाच्या थरांचा आहे, साडेसहा कोटी वर्षांचा. एक थर लोखंडासारखा आणि त्याच्याच खाली पांढऱ्या खड्यांचा ठिसूळ थर, नखाने उकरता येईल असा. हे ओळखायला भूगोल आणि भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाच का लावू नये? त्यांना प्रोजेक्टसाठी विषय लागतातच.

दोन गोष्टी मात्र नकोत. चांदबीबीच्या महालावर किंवा कुठल्याही संरक्षित वास्तूवर खिळा ठोकायचा नाही. तिथे आधीच बदामात नावं कोरणाऱ्यांनी पुरेसं करून ठेवलंय. आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वन विभागाला न विचारता काही करायचं नाही. तिथल्या कड्यांच्या कपारींत पक्षी घरटी करतात. त्या दिवसांत माणसाने दुसरीकडे जावं. आग्यामोहोळाचं तर मी वेगळं सांगायला नको. दोराला लटकलेल्या माणसाला पळता येत नाही.

आता ज्यांच्यासाठी मी ही सगळी पोस्ट लिहायला बसलो त्यांच्याकडे येतो.

माझ्या पुतणीला दरीतून बाहेर काढलं ते साम्रदच्या दोन पोरांनी. त्यातला एक तिच्याच वयाचा, तालुक्यातल्याच कॉलेजात बी.ए.ला. शनिवार-रविवारी ग्रुप आले की त्यांचे दोर वाहतो, तंबू लावतो, टप्प्यावर उभा राहून शंभर शंभर लोकांना खाली सोडतो. हे त्याला कुणी शिकवलं? मुंबई-पुण्याच्या ग्रुपबरोबर राहून राहून तो शिकला. पाय असे की ओल्या दगडावर चपलेने चालतो. बारी, रतनवाडी, पाचनई, घाटघर, सगळीकडे अशी महादेव कोळी आणि ठाकर समाजाची पोरं आहेत. त्यांना रोजंदारी मिळते. प्रमाणपत्र नाही, म्हणून प्रशिक्षक म्हणून नाव नाही. आणि धोरणाप्रमाणे प्रशिक्षित माणूस हवा म्हटलं की तो पुण्याहून येतो आणि हे पोरगं त्याची सॅक उचलतं.

मला हे बघवत नाही. राजूर आणि अकोल्याच्या कॉलेजांत ही पोरं शिकतात. उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनालीच्या संस्थांत गिर्यारोहणाचा साधारण चार आठवड्यांचा प्राथमिक कोर्स असतो. तिकडे जायचं तर फी, प्रवास, हिंदी-इंग्रजी आणि महिनाभराची हजेरी बुडणार. यातला हजेरीचा प्रश्न तरी विद्यापीठाला एका पत्रकाने सोडवता येईल. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने गार्डियन गिरिप्रेमी संस्थेबरोबर गिर्यारोहणाची पदविका सुरू केलेली आहे, म्हणजे या विषयाला विद्यापीठाच्या दारात मज्जाव नाही. आपली कॉलेजंही त्याच विद्यापीठाची. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाला दोन क्रेडिट ठेवलीत, एनसीसी, एनएसएस, खेळ, योग वगैरे. त्यात प्रस्तरारोहण घाला. आठवड्यातून दोन तास भिंत, सत्राला दोन दिवस खरा कातळ, परीक्षेत गाठी आणि बिले. आणि शिकवायला अकोल्याची प्रमाणपत्र घेतलेली पोरं, मानधनावर. दर वर्षी तालुक्यातून पाच पोरं जरी कोर्स करून आली तरी पाच-सहा वर्षांत आपल्या जिल्ह्याला बाहेरून कुणाला बोलवावं लागणार नाही. उलट आपली पोरं बाहेर शिकवायला जातील.

मला माहितीय खाली कमेंटमध्ये काय येणार आहे. "कॉलेजात शिकवायला प्राध्यापक नाहीत, तासिका तत्त्वावर चाललंय, आणि तुम्हाला डोंगर चढायचेत!" खरं आहे. कितीतरी कॉलेजांत शारीरिक शिक्षणाचीही जागा भरलेली नाही, आणि ती भरल्याशिवाय भिंत सांभाळणार कोण, हा माझ्या मुद्द्यातला कच्चा दुवा आहे, मान्य. पण मग दोन्ही मागू या. जागा भरा आणि भिंत द्या. एक मागताना दुसरं मागायचं नाही असा नियम फक्त आपल्यासारख्या तालुक्या-जिल्ह्यांतल्या पोरांनाच का? पुण्यातल्या पोराला शिवाजीनगरला भिंत आहे, त्याला कुणी विचारत नाही की आधी तुझ्या कॉलेजात प्राध्यापक आहेत का.

दुसरी कमेंट येईल, "मुलींना कशाला पाठवता?" तिला मी उत्तर देणार नाही. कळसूबाईच्या माथ्यावर कुणाचं देऊळ आहे ते बघून या.

तिसरी, एका मित्राने फोनवरच सांगितली: "अरे, भिंत दिली की पोरांना चटक लागेल, मग अजून जास्त कड्यांवर जातील." हा मुद्दा मी दोन दिवस डोक्यात घोळवला. जातील, नक्की जातील. पण ज्याने महिनाभर भिंतीवर घाम गाळलाय त्याला स्वतःची ताकद कुठे संपते ते कळलेलं असतं. माझ्या पुतणीला आणि १९९३ साली मला तेच माहीत नव्हतं. घाबरायचं कधी, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

तळवे बरे झालेत. तिच्या पप्पांना, म्हणजे माझ्या भावाला, शेवटी मीच सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी विचारलं, "ते चांगलं दोर-बिर कुठं मिळतं रे?" आता संध्याकाळी ती खिडकीच्या गजाला दोराचा तुकडा बांधून आठ आकड्याची गाठ मारत बसते. डोळे मिटून जमायला लागलीय. मला अजून बघूनही जमत नाही.

जानेवारीतला अर्ज आम्ही पुन्हा लिहून काढलाय. यावेळी त्यात आडव्या भिंतीचा कच्चा नकाशा आहे, खर्चाचा अंदाज आहे, नोंदणी असलेल्या प्रशिक्षकांकडून घ्यायच्या कागदांची यादी आहे, आणि पोरांच्या सह्यांखाली अकरा पालकांच्या सह्या आहेत. गुरुवारी सकाळी अकराला प्राचार्यांना भेटायची वेळ मिळालीय. ज्यांची मुलं त्या कॉलेजात आहेत त्यांना कळलंच असेल मी कुठल्या कॉलेजबद्दल बोलतोय. गेटजवळ चहाच्या टपरीवर पावणेअकराला जमतोय. बाकीच्यांनी आपापल्या कॉलेजसाठी अर्जाचा मसुदा हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पाठवतो.